साडेतीनशे की पाचशे?

बोनस अकाउंटला जमा झाला त्याच आठवड्यात गोंदियाहून मामाचा फोन आला. मामा फोनवर कधीच हालहवाल विचारत नाही, थेट मुद्द्यावर येतो. ‘गाडी घेऊन जाय. मले आता किक लागत नाही.’

गाडी म्हणजे बुलेट. १९९४ ची, काळी, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. पासिंग भंडाऱ्याचं, कारण तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तो झाला १ मे १९९९ ला. मामाच्या दोन्ही गुडघ्यांचं काम तमाम झालंय आणि बुलेटला बटन स्टार्ट नाही. म्हणजे प्रेमाने नाही, नाइलाजाने ती माझ्याकडे येत होती. पण येत होती ना, बॉस!

हिंजवडीच्या क्युबिकलमध्ये बसून मी त्या संध्याकाळी एक्सेल शीट उघडली आणि फाइलला नाव दिलं ‘बुलेट ५००’. प्लॅन सिंपल होता. साडेतीनशेचं इंजिन काढायचं, पाचशेचं बसवायचं आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या माना वळवायच्या. खर्चाच्या रकान्यात लिहिलं ८० हजार. बोनसही नेमका तेवढाच होता, त्यामुळे नियतीलाच हे मान्य आहे असं मला वाटलं.

पुढे काय झालं ते सांगतो. पण आधी थोडं इंजिनपुराण. घाबरू नका, मी पण कॉमर्सवालाच आहे.

अमेरिकेतलं भांडण

‘फास्ट अँड फ्युरियस’ पाहून ज्यांची कॉलेजची वर्षं वाया गेली त्यांना ‘बिग ब्लॉक’ आणि ‘स्मॉल ब्लॉक’ हे शब्द ओळखीचे असतील. भानगड अशी. शेवरोलेने १९५५ मध्ये २६५ क्युबिक इंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात ४.३ लिटरचं, एक आटोपशीर व्ही-एट इंजिन आणलं. तो स्मॉल ब्लॉक. पुढे गाड्या जड झाल्या, लोकांना आणखी ताकद हवी झाली, तेव्हा १९५८ पासून त्याच कंपनीने मोठ्या अंगाची इंजिनं काढली. तो बिग ब्लॉक. तेव्हापासून तिथे गाडी ‘बिल्ड’ करणाऱ्या प्रत्येक पोराला हाच प्रश्न पडतो, हलकं छोटं इंजिन घेऊन ते तयार करू, की सरळ दांडगं इंजिनच टाकू?

यात एक गंमत आहे. ‘ब्लॉक’ म्हणजे सीसी नव्हे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा सांगाडा, ज्यात सिलिंडर बसतात ते ओतीव लोखंडी घर. शेवरोलेचा ४०० क्युबिक इंचांचा स्मॉल ब्लॉक होता आणि ३९६ चा बिग ब्लॉक! म्हणजे लहान घरात जास्त माणसं आणि वाड्यात कमी. छोट्याचा फायदा म्हणजे वजन कमी आणि गाडीचं नाक जड होत नाही. मोठ्याचा फायदा म्हणजे त्याच्या पोटात जागा असते, वाढवायला वाव असतो.

आपल्याकडे व्ही-एट कुठून आणणार? पण प्रश्न तोच आहे. आपला स्मॉल ब्लॉक म्हणजे बुलेट ३५०, आपला बिग ब्लॉक म्हणजे बुलेट ५००.

आकडे बोलतात, पण पूर्ण बोलत नाहीत

जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या साडेतीनशेत पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ सीसी येतात. पाचशेत व्यास ८४ आणि धाव तीच, ९०. झाले ४९९ सीसी. म्हणजे पिस्टनचं तोंड ४४ टक्क्यांनी मोठं. पण कंपनीने सांगितलेली ताकद पाहा, साडेतीनशेला साधारण १८ हॉर्सपॉवर, पाचशेला २२. सीसी वाढले ४४ टक्के, ताकद वाढली जेमतेम २२ टक्के. उरलेली कुठे गेली?

उरलेली इंजिनाच्या श्वासात अडकली. हवा किती आत येते, व्हॉल्व्ह केवढे, कार्बोरेटर केवढा, जळलेला वायू किती लवकर बाहेर पडतो यावर सगळा खेळ असतो. माठ मोठा घेतला म्हणून नळाची धार वाढत नाही.

आणखी तीन उदाहरणं देतो, मग तुम्हीच ठरवा.

एक, आपली लाडकी राजदूत ३५०. १९८३ मध्ये आलेली यामाहाची ही गाडी ३४७ सीसीची. बुलेटपेक्षा एकच सीसी जास्त! पण दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि तिच्या हाय टॉर्क मॉडेलची ताकद ३०.५ हॉर्सपॉवर. तेवढ्याच भांड्यात जवळपास पावणेदोनपट रस्सा.

दोन, आरएक्स १००. फक्त ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. पण वजन जेमतेम १०० किलो. बुलेट १६० च्या पुढे. किलोमागे ताकद काढली तर दोघी जवळजवळ बरोबरीत येतात. कॉलेजात आरएक्सवाला बुलेटवाल्याला सिग्नलला का गंडवायचा, ते आता कळलं ना?

तीन, हे खास आमच्या धानाच्या मुलखातलं. विहिरीवर पाणी ओढणारं किर्लोस्करचं एव्ही-वन डिझेल इंजिन ५५३ सीसीचं असतं. बुलेट ५०० पेक्षा मोठं! ताकद किती? पाच हॉर्सपॉवर. मिनिटाला १५०० फेरे, दिवसभर, उन्हातान्हात, तक्रार नाही. त्याला पळायचंच नाहीये, त्याला पाणी ओढायचंय.

म्हणजे ‘केवढं इंजिन’ हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ‘कशासाठी?’ पण हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं. मी महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आणि गोंदियाला निघालो.

मिस्त्रीजींचा इंटरव्ह्यू

गोंदियात मामाच्या गाडीला गेली पंचवीस वर्षं एकाच माणसाचा हात लागलाय. दुकानावर पाटी नाही. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणतात. मी माझी एक्सेल शीट मोबाइलवर दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘भाऊ, इंजिन बडा करून राहिले. पण जावाचं कोठी?’

मी म्हटलं, पुणे-महाबळेश्वर, कधी गोवा, आणि इकडे आलो की नवेगावबांध.

‘मागे कोण बसते?’

‘कधी बायको. इकडे आलो की मामा.’

‘ब्रेक कोणता लावता?’

याचं उत्तर माझ्या शीटमध्ये नव्हतं. इंजिन, कार्बोरेटर, सायलेन्सर, सीट, पेंट असे रकाने होते. ब्रेकचा रकानाच नव्हता.

मग त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. पाचशेचा सिलिंडर साडेतीनशेच्या क्रँककेसवर असाच बसत नाही, तोंड लेथवर मोठं करावं लागतं. तिथली भिंत पातळ होते. हेड दुसरं, पिस्टन दुसरा, कार्बोरेटर दुसरा. क्लचवर जोर, चेनवर जोर, गिअरबॉक्सवर जोर. त्यापेक्षा पाचशेचं अख्खं इंजिन मिळालं तर काम सोपं. ‘पण त्याचे कागद?’

कागदांचं मला एका दलालाने आधीच सांगितलं होतं. इंजिन आहे, कंडिशन टॉप, कागद नाहीत, ‘कोण पाहते?’

पाहतात, मित्रांनो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचंच असेल तर त्याच प्रकारचं हवं आणि आरटीओची परवानगी आधी हवी. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाही. बिनकागदाचं इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्या दारात. आणि अपघात झाला, इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण. समोरच्याची भरपाई कोण देणार? तुमचा ८० हजारांचा बोनस?

शिवाय सरकारच्या लेखी ३५० सीसी ही एक लक्ष्मणरेषाच आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे थर्ड पार्टी विम्याचा हप्ता ३५० सीसीपर्यंत १,३६६ रुपये, त्याच्या वर २,८०४. नव्या गाड्यांवरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत १८ टक्के आणि वर थेट ४०. मामाची बुलेट या रेषेच्या चार सीसी अलीकडे उभी आहे.

तरी माझं मन मानेना. खरं सांगू? मला हिशेब नको होता, मला तो ‘धडक’ फील हवा होता.

कोहमाऱ्याच्या रस्त्यावर

माझ्या एका शाळेतल्या मित्राकडे नेमकी तीच गाडी होती. साडेतीनशेची जुनी चेसिस, पाचशेचं इंजिन, पुढे जुनाच सहा इंची ड्रम ब्रेक. त्याने आरसी-बिरसीचं काय केलं ते मी विचारलं नाही, आणि माझ्याच रस्त्यात आडवं येणार म्हणून त्यानेही सांगितलं नाही. ‘घेऊन जा रे, संध्याकाळपर्यंत आण.’

मामाला म्हटलं, चल नवेगावबांधला. साठ-पासष्ट किलोमीटर. गोरेगाव, मग हायवेवर कोहमारा, तिथून खाली जंगलाचा पट्टा. मामा तयारच होता. पांढरा शर्ट घालून, डोक्याला रुमाल बांधून मागे बसला. हेल्मेट घाल म्हटलं तर म्हणाला, ‘कायले?’ मी जबरदस्तीने घातलं. आज वाटतं, त्या दिवशी मी केलेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती.

गाडीचं काय सांगू! तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं. दोन माणसं बसलीत हे तिला जाणवतच नव्हतं. चढावर गिअर उतरवायचं काम नाही. मनातल्या मनात मी शीटमध्ये ‘फायनल’ असं लिहूनही टाकलं.

परतताना दिवस मावळायला आला होता. गोंदिया जिल्ह्यात ही वेळ म्हणजे गुरं घरी येण्याची वेळ. कोहमारा सोडून गोरेगावच्या बाजूला एका वळणावर पुढे अख्खा कळप रस्ताभर पसरलेला. मी ऐंशीला होतो. साडेतीनशेवर, दोघं जण असताना, त्या ठिकाणी मी साठलाच असतो. मी पुढचा ब्रेक दाबला, मागचा दाबला, आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण फार सावकाश. मागचं चाक लॉक होऊन घसरू लागलं. पुढचा ड्रम गरम होऊन नुसता किरकिरत होता. गुराख्याचा पोरगा, दहा-अकरा वर्षांचा असेल, काठी वर करून माझ्याकडे पाहत होता. तो चेहरा मला अजून दिसतो.

मी गाडी डावीकडे उतरवली. कडेची मुरूम, मग बांध, मग धानाचं चिखलाचं शेत. गाडी आडवी. आम्ही दोघं चिखलात. मामाचं मनगट मुरगळलं, माझ्या कोपराला सात टाके. पोराला, गुरांना काही झालं नाही. त्या एका वाक्यासाठी मी आयुष्यभर देवाचा आभारी राहीन.

मामा चिखलातून उठला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, ‘इंजिन बरं हाये गा. पण थांबत नाही.’

नंतर मी साधा हिशेब केला. वेग साठचा ऐंशी झाला तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेदोनपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. शाळेत हे शिकलो होतो. इंजिन बदललं, ऊर्जा बदलली, ब्रेक मात्र १९९४ चा. दोष पाचशेचा नव्हता. कंपनीने पाचशेची गाडी विकली तेव्हा ब्रेकचाही विचार केला. आम्ही फक्त इंजिन उचललं, बाकीची गाडी विसरलो.

छोटंच, पण नीट

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने मिस्त्रीजींकडे गेलो. ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, ‘आता सांगा, काय करावाचं?’

आम्ही साडेतीनशेच ठेवली. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट सांगितली. लोकांना वाटतं, छोटं इंजिन म्हणजे रेस करून पळवायचं. पण इथे दोन्ही इंजिनांची धाव ९० मिलिमीटरच आहे. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर पिस्टन सरासरी सेकंदाला साडेसोळा मीटर धावतो, तो सत्तरचा असो की चौऱ्याऐंशीचा. म्हणजे ही साडेतीनशे आरएक्ससारखी किंचाळायला बनलेलीच नाही. तिला पिळायचं नाही, तिचं घर्षण कमी करायचं, तिचा श्वास मोकळा करायचा.

मग काय काय केलं?

सिलिंडर बोअर करून पहिल्या ओव्हरसाइजचा पिस्टन टाकला. व्यासात पाव मिलिमीटरचा फरक, बस. हेड उघडून व्हॉल्व्ह आणि सीट नव्याने बसवल्या, पोर्टमधला ओतकामाचा खडबडीतपणा घासून काढला. त्या काळच्या बुलेटला बिगएंडला साधा फिरता बुश यायचा, त्याजागी रोलर बेअरिंगचा कनेक्टिंग रॉड घातला आणि क्रँक बॅलन्स करून घेतला. सगळ्यात जास्त पैसे इथे गेले आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडला. पुढचं स्प्रॉकेट सोळा दातांचं होतं, ते सतराचं केलं. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे ६ टक्क्यांनी कमी. आणि पुढे त्याच घराण्यातला सात इंची, दोन कॅमचा ड्रम ब्रेक बसवला, मागचे लायनर नवे, टायर नवे.

सायलेन्सर ओरिजिनलच. फटफट फोडणाऱ्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतीलच.

एकूण खर्च ५२ हजार. उरलेल्या पैशांतून मित्राची गाडी सरळ करून दिली आणि दोन चांगली हेल्मेटं घेतली. पहिले हजार किलोमीटर मी तिला साठच्या पुढे नेलं नाही. आता ती ऐंशीला आरामात गुणगुणते. आरशात मागचा ट्रक एकच दिसतो, पूर्वी तीन दिसायचे.

मग पाचशे वाईट का?

अजिबात नाही. रोज दोघांनी, सामान लादून, लांबचे घाट चढायचे असतील तर मोठं इंजिन कमी फेऱ्यांत, कमी त्रासात तेच काम करतं. २००९ ला आलेल्या क्लासिक ५०० ला २७.२ हॉर्सपॉवर होते, २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीने तोच पिस्टन ८७ मिलिमीटरचा करून ५३५ सीसी आणि २९ पर्यंत मजल मारली. २०२० मध्ये कंपनीने इथे पाचशेची विक्री थांबवली, पण कागदासकट जुनी गाडी मिळते. मोठं हवं असेल तर अख्खी मोठी गाडीच घ्या, तिच्या चेसिससकट, ब्रेकसकट, आरसीसकट. आणि खरंच सुसाट हवं असेल तर २०१८ पासून मिळणारी ६५० ची ट्विन आहे, ४७ हॉर्सपॉवरची. ईएमआय भरा आणि एन्जॉय करा. एका गाडीचं हृदय काढून दुसरीच्या छातीत बसवायचा खटाटोप कशाला?

गॅरेजला जाण्याआधी पाच प्रश्न

१. जायचं कुठे? सिग्नल ते सिग्नल, घाट, की हायवे?

२. मागे कोण बसणार?

३. ब्रेक आणि टायरसाठी बजेटमधला किती हिस्सा ठेवला? माझं मत, किमान पाचवा.

४. इंजिन नंबर आरसीवर आहे का? नसेल तर परवानगी आधी, पाना नंतर.

५. आहे ते इंजिन पूर्ण तब्येतीत आलं तर ते किती पळतं, हे कधी पाहिलंत का?

पाचवा प्रश्न सगळ्यात महागडा. आपण बहुतेक वेळा दमलेल्या, तीस वर्षं न उघडलेल्या इंजिनाची तुलना दुसऱ्याच्या ताज्या इंजिनाशी करतो.

गाडी पुण्याला ट्रेनमध्ये चढवायच्या आदल्या दिवशी मामा अंगणात आला. मनगटाला अजून क्रेप बँडेज. म्हणाला, ‘एक किक मारू दे.’ मामी आतून ओरडली. मी गाडी सेंटर स्टँडवर घट्ट धरली. त्याने सवयीने अँमीटरचा काटा पाहिला, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन वरच्या टोकावरून अलगद पुढे नेला, खटका सोडला आणि गुडघ्याने नाही, अंगाच्या वजनाने किक खाली सोडली.

पहिल्या किकला लागली.

पाचशेची ती किक मामाने मारली असती का, कोण जाणे. पण मामा गाडीवर हात ठेवून बराच वेळ नुसता ऐकत उभा होता. मग म्हणाला, ‘जाय घेऊन. पण दिवाळीले आणजो.’